कास्तियो दे सान मार्कोस: हा किल्ला बाहेरून आत पाहायचा

फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टिनला जाणारे बहुतेक जण कास्तियो दे सान मार्कोस पाऊण तासात उरकतात. तिकीट काढायचं, पुलावरून आत शिरायचं, चौकात एक फोटो, जिना चढून तोफांपाशी दुसरा फोटो, की लगेच समोरच्या सेंट जॉर्ज स्ट्रीटवर आइस्क्रीम खायला मोकळे. किल्ला छोटा आहे, त्यामुळे काही बघायचं राहिलं असं वाटतही नाही. पण या किल्ल्याची निम्मी ताकद तिकीटखिडकीच्या अलीकडे, बाहेरच्या गवतात आहे. ती बघायला पैसेही पडत नाहीत आणि तिथे सहसा कुणी थांबतही नाही.

सह्याद्रीतले गड पालथे घातलेल्या माणसाला हा किल्ला आधी निराशच करतो. डोंगर नाही, कडा नाही, चढ नाही. खाडीच्या काठावर सपाट जमिनीत बसकी, करडी भिंत. ती बसकी का आहे हे कळलं की बाकीचा किल्ला आपोआप उलगडत जातो. म्हणून आधी बाहेर अर्धा तास काढावा, असं माझं ठाम मत आहे.

थोडी पूर्वपीठिका. स्पेनच्या पेद्रो मेनेंदेस दे आविलेस याने १५६५ मध्ये सेंट ऑगस्टिन वसवलं. पुढची शंभरेक वर्षं गावाचं रक्षण एकामागून एक बांधलेल्या नऊ लाकडी किल्ल्यांनी केलं. कधी आग लागायची, कधी वादळ यायचं, नाहीतर लाकूड कुजायचं. १६६८ मध्ये रॉबर्ट सर्ल्स या इंग्रज चाच्याने गाव लुटलं आणि १६७० मध्ये इंग्रजांनी उत्तरेला चार्ल्सटाउन वसवलं. तेव्हा कुठे माद्रिदला जाग आली आणि राणी मारियानाने दगडी किल्ल्याला मंजुरी दिली. पैसा मेक्सिकोच्या खजिन्यातून यायचा, तोही वेळेवर नाही. २ ऑक्टोबर १६७२ ला पायाचं काम सुरू झालं, आराखडा इग्नासिओ दासा या अभियंत्याचा. किल्ला पुरा झाला १६९५ मध्ये, म्हणजे तेवीस वर्षं लागली. आपला सिंधुदुर्ग इथलं काम सुरू होण्याच्या पाचच वर्षं आधी, १६६७ मध्ये, पुरा झाला होता. दोन्हीकडे समुद्र, चुना आणि तोफा यांचाच विचार चालला होता, उत्तरं मात्र अगदी वेगळी निघाली.

भिंतीचा दगड

पहिलं काम, भिंतीच्या अगदी जवळ जाऊन दगड बघा. हात लावू नका, का ते पुढे येईलच. हा कोकिना. बोटाच्या पेरापेक्षाही लहान शिंपले हजारो वर्षं एकावर एक साचले, त्यांच्यातला चुना पाण्यात थोडा विरघळला आणि त्यानेच ते एकमेकांना चिकटले. गूळ कमी पडलेल्या चिक्कीसारखी त्याची घडण आहे. शिंपला न् शिंपला वेगळा दिसतो आणि मध्ये पोकळ्या राहिलेल्या. सकाळच्या तिरप्या उन्हात काही शिंपल्यांवर अजून गुलाबी-जांभळी झाक दिसते.

हा दगड खाडीपलीकडच्या अनास्तासिया बेटावरच्या खाणीतून यायचा. खाणीत असताना तो ओला आणि मऊ असतो, कुऱ्हाडीने खाचा पाडून आणि पहारीने उचकटून चिरे काढता येतात. मग ते उघड्यावर सुकू द्यायचे, वर्ष-दोन वर्षं, कधी त्याहून जास्त. कोकणातल्या माणसाला हे नवीन नाही. जांभाही खाणीत मऊ असतो आणि हवा लागली की टणक होतो. फरक असा की जांभा लोहाचा आणि हा चुन्याचा. त्यामुळे आम्लयुक्त पाऊस, झाडांची मुळं आणि माणसांचे हात यांनी कोकिना पटकन झिजतो. भिंतीवर बसू नका, टेकू नका अशा पाट्या जागोजागी आहेत, त्या उगाच नाहीत. कठड्यावर एक जण टेकला तर चार-सहा शिंपले खाली पडतात, आणि दिवसभरात किती जण टेकतात याचा हिशेब तुम्हीच करा.

सांधे भरायला चुनाही तिथलाच. कालवांचे शिंपले भट्टीत भाजायचे, ते पाण्यात विझवायचे, वाळू मिसळायची. पद्मदुर्ग पाहिला असेल तर चुन्याची करामत ठाऊक असेलच. तिथे समुद्राच्या माऱ्याने दगड झिजून आत गेला आणि मधला चुना जाळीसारखा पुढे उभा राहिला. इथे दगड आणि चुना दोन्ही शिंपल्यांचेच असल्यामुळे तसा फरक ठळक दिसत नाही. जुन्या भिंतीत सांधा नेमका कुठे आहे हे शोधायला नजर ताणावी लागते.

मूळचा किल्ला असा करडा नव्हता हेही लक्षात ठेवा. भिंतींवर चुन्याचा पांढरा गिलावा होता आणि कोपऱ्यांवरच्या पहारेकऱ्यांच्या चौक्या लाल होत्या. लांबून गलबतावरून पाहणाऱ्याला पांढरं-लाल काहीतरी चमकताना दिसायचं, आणि ते स्पेनचं आहे हे कळावं हाच हेतू. गिलावा शोभेपुरता नव्हता. सच्छिद्र दगडात पाणी शिरू नये म्हणून तो लागायचाच. तो निघून गेल्यापासून झीज वाढली. वळचणीच्या जागी आणि पहारा-चौक्यांच्या आसपास गिलाव्याचे तुकडे अजून टिकून आहेत, दुर्बीण असेल तर बरं.

चिरे वाहिले कोणी, हे माहितीफलकांवर असतं, पण लोक वाचत नाहीत. टिमुक्वा, ग्वाले आणि आपलाची या मूळ रहिवाशांना ख्रिस्ती मिशनच्या गावांतून आळीपाळीने वेठीला आणलं जायचं. रोजचा एक रेआल (स्पॅनिश नाणं) आणि मक्याचा शिधा एवढी मजुरी. गवंडी, पाथरवट आणि चुना भाजणारे कारागीर क्यूबातल्या हवानाहून आले. कैदी आणि गुलामही कामावर होते.

बाहेरचा फेरा

आता भिंतीपासून लांब जा. किल्ल्याच्या पश्चिमेला आणि उत्तरेला हिरवळ हळूहळू चढत खंदकाच्या काठाशी येते. हा चढ मुद्दाम भर घालून केलेला आहे. रस्त्याच्या बाजूने त्याच्या पायथ्याशी उभं राहा आणि किल्ल्याकडे बघा: भिंतीचा वरचा पट्टाच तेवढा दिसतो, खालचा भाग मातीआड. तोफेचा गोळा सरळ जातो, म्हणून शत्रूला भिंतीच्या पायावर नेम धरताच येत नाही. आता चढ चढून वर या. प्रत्येक पावलाला तुम्ही वरच्या तोफांच्या तोंडासमोर जास्त जास्त उघडे पडत जाता, आणि आडोशाला एक झुडूपही नाही. किल्ला बसका आहे तो यासाठी. उंच भिंत म्हणजे तोफेला मोठं निशाण.

चढाच्या माथ्याशी खंदकाच्या बाहेरच्या कडेने एक अरुंद वाट जाते. तिला छातीएवढ्या भिंतीचा आडोसा आहे. बंदूकवाल्यांची पहिली फळी इथे उभी राहायची. तिच्या आत खंदक, सुमारे ४० फूट रुंद. जुन्या छायाचित्रांत त्यात पाणी दिसतं आणि आता कोरडा बघून लोक हिरमुसतात. खरं तर कोरडा हाच त्याचा मूळ स्वभाव. वेढ्याच्या वेळी गावकऱ्यांची गुरं त्यात ठेवायचे. पाणी विसाव्या शतकात भरलं आणि त्याने भिंतींच्या पायाला धोका व्हायला लागला म्हणून १९९६ मध्ये काढून टाकलं.

बुरूज चार: नैर्ऋत्येला सान पेद्रो, आग्नेयेला सान आगुस्तीन, ईशान्येला सान कार्लोस, वायव्येला सान पाब्लो. चारही बाणाच्या टोकासारखे कोनी. आपल्याकडचे गोल बुरूज डोळ्यांसमोर आणा. गोल बुरुजाच्या नेमक्या पोटाशी अशी एक जागा राहते की तिथे शत्रू पोचला तर शेजारच्या बुरुजावरूनही तो दिसत नाही. तिथे बसून तो निवांत सुरुंग खणू शकतो. कोनी बुरुजात ती आंधळी जागा उरत नाही, कारण एका बुरुजाची बगल दुसऱ्याच्या अंगावरून थेट नजर टाकते. हे वाचून पटत नाही, बघून पटतं. नंतर वर गेल्यावर एखाद्या बुरुजाच्या बगलेच्या तोफेमागे उभं राहून समोरच्या बुरुजाकडे पाहा. मधल्या भिंतीच्या पायथ्याचं गवत कोपऱ्यापर्यंत सगळं दिसतं. वसई आणि कोर्लईला पोर्तुगीजांनी याच धाटणीचे कोनी बुरूज बांधलेले आहेत. विद्या युरोपातली, इटलीत घडलेली. शिवाय १५८० ते १६४० या काळात पोर्तुगाल आणि स्पेनचा राजा एकच होता.

पूर्वेला, खाडीच्या बाजूला, खंदक नाही. तो अमेरिकन लष्कराने १८४० च्या दशकात बुजवला आणि तिथे समुद्राकडे तोंड केलेल्या तोफा बसवल्या. विटांची एक बुटकी भट्टी तिथे आहे, लोक तिला बार्बेक्यूची जागा समजून पुढे जातात. ती लोखंडी गोळे लालबुंद तापवायची भट्टी. गोळा वरच्या तोंडातून सोडायचा, तो उतारावरून घरंगळत तापत खाली यायचा. तोफेत आधी दारू, मग कोरडा बोळा, मग चिखलाचा किंवा ओल्या दोराचा बोळा आणि मग गोळा. ओला बोळा विसरला तर जहाजाऐवजी तोफच पेटायची. लाकडी जहाजांचा जमाना संपल्यावर भट्टीचं काम संपलं.

याच बाजूच्या भिंतीवर खळगे दिसतात. मार्गदर्शक त्यांना सरसकट तोफगोळ्यांच्या खुणा म्हणतात. काही आहेतही, पण बरेचसे खळगे वाऱ्यापावसाचे आहेत.

दरवाजा

आत जायचा रस्ता एकच, दक्षिणेकडून, आणि तो वळणाचा. आपल्या गोमुखी दरवाजाचंच काम इथे वेगळ्या रीतीने केलंय. आधी एक पूल त्रिकोणी बेटावर नेतो. खंदकात उभा असलेला हा सुटा त्रिकोण मुख्य दरवाजाला झाकतो. तिथून वळून दुसऱ्या पुलावरून दरवाजात. लांबून तोफ लावून दरवाजा उडवायचा म्हटलं तर मध्ये हा त्रिकोण येतो, आणि त्रिकोण जिंकला तरी तो आतल्या बाजूने उघडा असल्यामुळे जिंकणारा थेट किल्ल्याच्या माऱ्यात. त्रिकोणाची उंची ठरल्याप्रमाणे पुरी झालीच नाही. काम चालू असतानाच १७६३ चा पॅरिसचा तह झाला आणि फ्लोरिडा इंग्रजांकडे गेला.

दुसऱ्या पुलाचा आतला भाग उचलता यायचा. कप्प्या कुठे असायच्या ते दरवाजाच्या आत वर मान करून बघा. मागे जाड लाकडी जाळीदार झडप, तिच्या खाचा भिंतीत आहेत. दरवाजावर स्पेनचं राजचिन्ह, किल्ला आणि सिंह. दोन्ही बाजूंना पहारेकऱ्यांच्या खोल्या. आपण देवड्या म्हणतो त्याच, पण इथे झोपायला लाकडी उतरते ओटे आहेत.

खोल्या

चौकाभोवतीच्या खोल्या आधी लाकडी तुळयांच्या छताच्या होत्या. त्यावर जड तोफा ठेवता येत नव्हत्या, त्यामुळे तोफा फक्त बुरुजांवर. १७३८ पासून, मान्वेल दे मोन्तियानो गव्हर्नर असताना, पूर्वेच्या बाजूने लाकूड काढून दगडी कमानी घालायला सुरुवात झाली आणि भिंतीही उंचावल्या. बाकीच्या तीन बाजूंचं काम १७५० च्या दशकात झालं. कमान आल्यामुळे दोन गोष्टी साधल्या: वरून पडलेला बॉम्ब छत फोडून आत येईना, आणि चारही बाजूंच्या गच्चीवर तोफा फिरवता येऊ लागल्या. चौकात उभं राहून आतल्या भिंतीकडे नीट पाहिलं तर जुन्या आणि नव्या दगडकामाचा फरक काही ठिकाणी ओळखू येतो.

ईशान्य कोपऱ्यात सान कार्लोस बुरुजाच्या पोटात जुनं दारूकोठार आहे. वाकून, जवळजवळ बसत आत जावं लागतं. गुडघे दुखत असतील तर बाहेरूनच बघा. बुरुजाच्या पोटातलं कोठार गोळ्यांपासून सुरक्षित, पण हवाच खेळत नसल्यामुळे दारू दमट व्हायची. म्हणून ते दारूसाठी वापरणं सोडलं आणि पुढे भिंत घालून बंद केलं. एकोणिसाव्या शतकात तोफेच्या वजनाने वरचा भाग खचला आणि ही खोली सापडली. लगेच गावात साखळदंडातल्या सांगाड्यांच्या आणि एका लष्करी अधिकाऱ्याच्या रूपवती बायकोच्या कथा सुरू झाल्या. रात्रीच्या भुताच्या सफरी अजून त्याच्यावर चालतात. ऐकायला मजा येते, पण त्यात तथ्य नाही.

पश्चिमेकडच्या खोल्यांत जरा जास्त वेळ द्या. १८२१ मध्ये किल्ला अमेरिकेकडे आला, १८२५ मध्ये त्याला फोर्ट मॅरियन नाव दिलं गेलं आणि तो मुख्यतः तुरुंग झाला. सेमिनोल या मूळ रहिवासी जमातीचा नेता ओसिओला याला १८३७ मध्ये बोलणीच्या पांढऱ्या निशाणाखाली पकडून इथे आणलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कोआकूची आणि त्याचे सुमारे वीस साथीदार इथून निसटले. १८७५ मध्ये पश्चिमेच्या मैदानी प्रदेशातले शायेन, कायोवा, कोमांची आदी जमातींचे सत्तरएक कैदी आणले गेले आणि तीन वर्षं राहिले. त्यांनी हिशेबाच्या वह्यांत काढलेली चित्रं आज संग्रहालयांत आहेत. त्यांच्यावर देखरेख करणारा रिचर्ड प्रॅट याने पुढे १८७९ मध्ये कार्लाइलची शाळा काढली. मूळ रहिवाशांच्या मुलांचे केस कापायचे, भाषा तोडायची, असली ती शाळा, आणि तिची तालीम इथल्या खोल्यांत झाली. १८८६ मध्ये जवळजवळ ५०० अपाची आणले, त्यांत बायकामुलंच जास्त. एवढी माणसं या किल्ल्यात कशी मावली असतील, हे गच्चीवरून चौकाकडे पाहताना मनात येतंच. भिंतीवर ओरखडून काढलेल्या काही आकृत्या टिकल्या आहेत. त्या फिक्या आहेत, मोबाइलचा दिवा तिरपा धरला तर उठून दिसतात. फ्लॅश मारून काहीच दिसत नाही.

गच्ची आणि तोफा

वर जायला एकच रुंद जिना. पायऱ्या उंच आणि काही झिजलेल्या, लिफ्ट नाही. चाकाची खुर्ची खालच्या चौकापर्यंत आणि बहुतेक खोल्यांत जाते, वर जात नाही. आईवडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी हे आधी सांगून ठेवावं. वीज कडाडायला लागली की गच्ची बंद करतात. जून ते सप्टेंबर दुपारी हे जवळजवळ रोजचं, म्हणून उन्हाळ्यात गच्ची सकाळीच उरकायची.

वरच्या तोफा लोखंडी आणि काशाच्या, वेगवेगळ्या काळातल्या. काशाची तोफ हिरवट दिसते. तिच्या पाठीवर राजाची मुद्रा, वजन आणि उचलायला माशाच्या आकाराचे दोन कान असतात. मागच्या बाजूचं लहान छिद्र बघा. त्यात रंजक, म्हणजे पेटवायची बारीक दारू, भरून बत्ती द्यायची. वापर जास्त झाला की हे छिद्र मोठं होत जातं आणि तोफेचा जोर कमी होतो. बऱ्याच बाद तोफा याच कारणाने बाद झाल्या.

तोफ डागण्याचं प्रात्यक्षिक सहसा शुक्रवार ते रविवार, दिवसातून काही वेळा असतं. जुन्या स्पॅनिश गणवेशातले लोक स्पॅनिशमध्ये हुकूम देतात आणि प्रत्येक पायरी करून दाखवतात: ओल्या बोळ्याने नळी पुसणं, दारूची थैली सारणं, मागच्या छिद्रातून थैली टोचणं, रंजक, बत्ती. बार एकच होतो आणि गोळा नसतो. पुष्कळ जण पुसण्याच्या वेळेलाच कंटाळून मोबाइलमध्ये डोकं घालतात. पण तीच पायरी जिवावरची. आधीच्या बाराची ठिणगी नळीत राहिली तर पुढची दारू सारणाऱ्याचे हात जायचे. आवाज खरोखर मोठा असतो. तान्ह्या मुलांना लांब, खालच्या हिरवळीवर ठेवलेलं बरं, तिथूनही धूर आणि आवाज मिळतो.

किल्ला पडला का नाही

किल्ला लढून कधीच कुणाच्या हाती गेला नाही, हे वाक्य तिथे पन्नास वेळा ऐकू येतं. खरं आहे, हात बदलले ते तहांनी. पण श्रेय सगळं कोकिनाला देतात, ते मला पटत नाही.

१७०२ मध्ये कॅरोलायना या इंग्रज वसाहतीचा गव्हर्नर जेम्स मूर चालून आला. स्पॅनिश गव्हर्नर होसे दे सुन्यिगाने गावातली जवळजवळ सगळी माणसं, सैनिक धरून १५०० च्या आसपास, किल्ल्यात घेतली आणि सुमारे ५० दिवस काढले. मूरकडच्या तोफा हलक्या होत्या. मोठ्या तोफा मागवायला त्याने जमैकाला माणसं पाठवली, पण त्याआधी हवानाहून स्पॅनिश जहाजं आली. मूरने आपली अडकलेली जहाजं आणि सारं गाव जाळलं आणि पायाला पाय लावून पळाला. किल्ला वाचला, गाव राख झालं.

१७४० मध्ये जॉर्जियाचा जेम्स ओगलथॉर्प आला. त्याने अनास्तासिया बेटावर मोर्चे लावून खाडीपलीकडून २७ दिवस मारा केला. इथे कोकिना कामाला आला. ग्रॅनाइटसारखा कडक दगड गोळा लागला की तडकतो आणि तडा पुढे पळतो. कोकिनातल्या पोकळ्या दबतात, शिंपले जागच्या जागी चुरतात आणि गोळ्याचा जोर तिथेच जिरतो. भिंती तीन बाजूंना सुमारे १२ फूट आणि बंदराच्या बाजूला १९ फूट जाड, त्यामुळे रुतलेला गोळा आत पोचायचा प्रश्नच नव्हता. फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी कोकिनावर पोलादी गोळ्या झाडून हे तपासूनही पाहिलंय. पण अंतरही बघा. मारा पाऊण-एक मैलावरून होत होता, त्यामुळे गोळ्यांचा दम अर्धा वाटेतच संपत होता. जवळ यायला स्पॅनिश गलबतं आडवी होती. उत्तरेला दोन मैलांवरच्या फोर्ट मोसे इथे फ्रान्सिस्को मेनेंदेसच्या, गुलामीतून सुटलेल्या काळ्या सैनिकांनी आणि स्पॅनिशांनी मिळून पहाटे छापा घालून इंग्रजांची एक तुकडी कापून काढली होती. क्यूबाहून रसद आत पोचली, वादळांचे दिवस जवळ आले आणि आरमाराने थांबायला नकार दिला.

आता वसई आठवा. ओगलथॉर्पच्या आदल्याच वर्षी, मे १७३९ मध्ये, चिमाजीअप्पांनी वसई घेतली. तिथेही कोनी बुरूज होते, तटबंदी याहून कितीतरी मोठी होती. फरक कशात पडला? मराठे दलदल तुडवून भिंतीपाशी पोचले, सान सेबास्तियन बुरुजाखाली सुरुंग घातले, भगदाड पाडलं आणि माणसं पडत असतानाही आत घुसत राहिले. वसईच्या भोवतीचा मुलूख आधीच त्यांच्या ताब्यात होता, त्यामुळे बाहेरून मदत येण्याची वाट बंद होती. ओगलथॉर्पला यातलं एकही जमलं नाही. पायथ्याला पोचलाच नाही, आणि पोचला असता तरी सेंट ऑगस्टिनच्या वाळूत थोडं खणलं की पाणी लागतं, तिथे सुरुंग कसला घालणार! भिंतीपर्यंत शत्रूला येऊच दिलं नाही म्हणून भिंत टिकली.

जाण्याआधी

ऑरलँडोहून गाडीने दोन तासांच्या आत, जॅक्सनव्हिल विमानतळाहून तासभर. आय-९५ महामार्गावरून ३१८ नंबरचा एक्झिट. डिस्नेला आलेल्यांना एका दिवसात जाऊन येता येतं, पण सकाळी लवकर निघायला हवं. किल्ला ९ ते ५ उघडा, थँक्सगिव्हिंग आणि २५ डिसेंबरला बंद. हे लिहिताना १६ वर्षं आणि त्यावरच्यांना १५ डॉलर, तिकीट सात दिवस चालतं, म्हणजे दुपारी पावसाने पळवलं तर उद्या परत या. १५ पर्यंतची मुलं मोठ्यांसोबत फुकट. राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास चालतो. मात्र अमेरिकेत राहणाऱ्यांना आणि भारतातून आलेल्या पाहुण्यांना त्याचे दर आता वेगळे आहेत, तेव्हा आईवडिलांच्या नावाने पास घेण्याआधी हिशेब करा. पैसे कार्डाने द्यायची तयारी ठेवा.

पार्किंग ही खरी डोकेदुखी. किल्ल्यालगतची जागा शहराची आहे, तिचे पैसे वेगळे पडतात आणि ती साडेनऊपर्यंत भरते. नाहीतर सरळ गावातल्या बहुमजली पार्किंगमध्ये लावा आणि दहा मिनिटं चाला. वाटेत १८०८ चे कोकिनाचेच दोन दरवाजाचे खांब लागतात. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत गावात रोषणाई असते, तेव्हा शनिवार-रविवार टाळा.

आत पाण्याशिवाय खायला-प्यायला न्यायला परवानगी नाही, म्हणून पोळीभाजीचा डबा बाहेरच्या हिरवळीवर. ड्रोनला बंदी. कुत्रा साखळीने बांधून बाहेर चालतो, आत नाही. गच्चीवर सावली नाही आणि फिका दगड ऊन परतवतो, टोपी लागतेच. संध्याकाळी खाडीकाठी दिसणारही नाहीत एवढी बारीक चिलटं चावतात, पूर्ण बाह्यांचा शर्ट बरा.

वेळ उरला तर दीपगृहावर जा, अनास्तासिया बेटावर, २१९ पायऱ्या. ओगलथॉर्पच्या तोफा साधारण कुठून काय बघत होत्या ते तिथून कळतं. जवळच स्टेट पार्कच्या प्रवेशरस्त्याला जुनी कोकिनाची खाण आहे, चिरे काढलेल्या पायऱ्या झाडीत दिसतात. उत्तरेला दोन मैलांवर फोर्ट मोसे, तिथे आता मातीलाकडाच्या किल्ल्याची प्रतिकृती उभारलीय. आणि दक्षिणेला १५ मैलांवर फोर्ट मतान्सास, खाडीच्या मागच्या तोंडावर १७४२ मध्ये पुरा झालेला छोटासा कोकिनाचाच बुरूज. मागच्या वाटेने पुन्हा कुणी रसद तोडू नये म्हणून बांधलेला. तिथे तिकीट नाही, होडीही फुकट. पण जागा मोजक्या, आधी येईल त्याला पास, आणि वारा किंवा विजा असल्या की फेरी रद्द. होडी कोणत्या वारी चालते ते आदल्या दिवशी बघा आणि किल्ल्याच्या आधी, सकाळच्या पहिल्या फेरीला तिकडे जा.